पूर्वेचे जिब्राल्टर आणि जळालेले आरमार

विजयदुर्ग पाहायला येणाऱ्याला हमखास ऐकवले जाते, ‘हे पूर्वेचे जिब्राल्टर’. तिहेरी तट आणि तीन बाजूंनी पाणी पाहिले की उपमा पटते. ती इतिहासाला लावून पाहिली, तर मात्र फरकच अधिक बोलका ठरतो.

भूमध्य समुद्राच्या तोंडावरचे जिब्राल्टर १७०४ मध्ये इंग्रज-डच आरमाराने घेतले. पुढे १७७९ ते १७८३ असा स्पेन-फ्रान्सचा वेढा त्याने सोसला, तो केवळ कड्याच्या बळावर नव्हे. रॉडनी, डार्बी आणि हाउ यांच्या आरमारांनी तिथे रसद पोहोचवली, म्हणून ते तगले.

विजयदुर्गाचे आरमार १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसनच्या माऱ्यात किल्ल्यासमोरच जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी आंग्रे तेव्हा पेशव्यांच्या छावणीत तहाच्या बोलण्यासाठी गेले होते, आणि या मोहिमेत पेशवे इंग्रजांचे भागीदार होते. ऑक्टोबरच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांना गेले. आंग्र्यांचे आरमार कोणालाच मिळाले नाही.

आनंदराव धुळपांनी पुढे इथूनच पेशव्यांचे आरमार चालवले, १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाजही पकडले. पण १८१८ मध्ये किल्ला अखेर इंग्रजांकडे गेला.

म्हणून पुळण आणि तट पाहून परतू नये. वाघोटनच्या खाडीत गिर्ये येथे कातळात खोदलेली मराठ्यांची गोदी आहे, तीही पाहावी. या किल्ल्याचे खरे बळ जहाजांत होते, हे तिथे कळते.