जमिनीतल्या नैसर्गिक विजेवरून भूजलाचा प्रवाह कसा ओळखतात?

परभणी जिल्ह्यातील जिंतूर परिसरात जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखे नसते. ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या मुरमाड थरात साठते. म्हणून एका बोअरला पाणी लागते, तर शेजारचे कोरडे जाते. खर्च दोघांचाही होतो. पाणाडी नारळ किंवा फांदी घेऊन जागा दाखवतो, पण त्याला शास्त्रीय आधार नाही. भूजलाचा माग काढणाऱ्या शास्त्रीय पद्धतींपैकी एक म्हणजे स्वयंविभव, म्हणजेच सेल्फ पोटेन्शियल पद्धत.

वीज येते कुठून?
खडकाच्या कणांच्या पृष्ठभागावर साधारणपणे ऋण भार असतो. त्याला लागून असलेल्या पाण्यात धन भार गोळा होतो. पाणी वाहू लागले की हा धन भार सोबत ओढला जातो. त्यामुळे पाणी जिथे मुरते तिकडे विभव कमी आणि जिथे ते पोहोचते तिकडे जास्त दिसते. विहिरीचा उपसा चालू असताना पाणी तिच्याकडे धावते, तेव्हा तिच्याभोवती विभव वाढलेले आढळू शकते.

मोजतात कसे?
सच्छिद्र भांड्यात मोरचुदाचे द्रावण आणि तांब्याची कांडी ठेवून इलेक्ट्रोड बनवतात. एक भांडे एका जागी ठेवून दुसरे शेतभर फिरवतात आणि दोन्हींमधील फरक संवेदनशील व्होल्टमीटरने मोजतात. जमिनीत बाहेरून वीज सोडत नाहीत. फरक बहुधा काही मिलीव्होल्टचा असतो. घड्याळातला साधा सेल १,५०० मिलीव्होल्टचा असतो.

सुरुवात कधी झाली?
१८३० मध्ये रॉबर्ट फॉक्स यांनी इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत असे नैसर्गिक प्रवाह मोजले. आज धरणांमधील गळती शोधण्यासाठीही ही पद्धत वापरतात.

मर्यादा काय?
लोखंडी पाइप, मोटारीचे अर्थिंग, विजेच्या तारा आणि धातूंची खनिजे यांमुळे आकडे बिघडतात. शिवाय ही पद्धत पाणी किती आहे हे सांगत नाही. ते कुठून कुठे चालले आहे, याचा अंदाज देते. म्हणून तिच्या जोडीला जमिनीत वीज सोडून केलेली विद्युतरोध चाचणी आणि आसपासच्या विहिरींची पाणीपातळीही पाहावी लागते. केवळ एका आकड्यावर बोअर घेणे म्हणजे पुन्हा नशिबावरच हवाला.