घाटापलीकडे गेलेला खेळ

जुन्नर शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या धारेंत नाणेघाटाची खिंड आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीनें वर चढून जुन्नरास येई, आणि देशावरचा माल याच वाटेनें समुद्राकडे जाई. जुन्नरच्या लेण्यांतून यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांवरून परकीयांचा येथें किती राबता होता हें ध्यानीं येतें. माल परमुलखांत गेला, तेथील लोकांनीं तो पारखून घेतला आणि पुढें तसाच माल ते स्वतः घडवूं लागले, म्हणजे त्याची कीर्ति खऱ्या अर्थानें पसरली असें समजावें. खेळांची गोष्ट याहून निराळी नाहीं.

जुन्नर आणि आंबेगांव हे पुणें जिल्ह्याचे उत्तरेकडील तालुके. उन्हाळ्यांत येथें गांवोगांवच्या यात्रा भरतात, कुस्त्यांचे आखाडे रंगतात, बैलगाड्यांच्या शर्यतींस माणसांचा पूर लोटतो. परंतु बैलजोडी पोसावयास दाणावैरण लागते आणि मल्लास खुराक लागतो. ज्याच्या घरीं या दोहोंची ऐपत नाहीं अशा मुलास, आणि विशेषतः मुलीस, खो-खो हाच खेळ जवळचा. दोन खांब, सपाट जमीन आणि चपळ पाय एवढेंच त्याचें भांडवल. शाळेच्या मैदानावर शिकलेला हा खेळ मुलांमुलींना तालुक्याच्या स्पर्धेंतून जिल्ह्याच्या, तेथून विभागाच्या आणि अखेरीस राज्याच्या स्पर्धेपर्यंत घेऊन जाऊं शकतो. त्यापुढील पायऱ्या कशा बांधल्या गेल्या व त्यांतील कोणती अद्याप कच्ची आहे, हें पाहण्यासारखें आहे.

कोणताही खेळ दोन अनोळखी संघांत खेळावयाचा म्हणजे प्रथम नियम लिहून काढावे लागतात. खो-खोच्या बाबतींत हें काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं हातीं घेतलें. पुढें बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें त्यांत भर घातली. १९२८ मध्यें स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें १९३५ सालीं खो-खो, हुतूतू व आट्यापाट्या यांच्या नियमांचीं पुस्तकें प्रसिद्ध केलीं. आठ गड्यांनीं एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून बसावें. नवव्यानें पाठलाग करावा. त्यानें मधली रेषा ओलांडूं नये व एकदां धरलेली दिशा खांब गांठल्यावांचून बदलूं नये. पळणाऱ्यांनीं तिघातिघांनीं मैदानांत यावें. प्रत्येक पाळी नऊ मिनिटांची असावी, ही रीत अशा लिखित नियमांमुळेंच सर्वत्र रूढ झाली. १९५९-६० मध्यें विजयवाडा येथें पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि लगेच पुढील वर्षीं कोल्हापुरास स्त्रियांची. पुरुषांच्या मागोमाग अवघ्या एका वर्षांत स्त्रियांसही राष्ट्रीय मैदान मिळालें, ही या खेळाच्या इतिहासांतील अभिमानाची गोष्ट होय.

देशाबाहेरचा प्रवास मात्र इतक्या वेगानें झाला नाहीं. १९८७ मध्यें आशियाई खो-खो महासंघ स्थापन झाला. पहिली आशियाई स्पर्धा कलकत्ता येथें १९९६ सालीं व दुसरी ढाका येथें २००० सालीं भरली. तिसरी भरावयास इंदूर येथें २०१६ साल उजाडलें, आणि चौथी आसामांतील तामुलपूर येथें २०२३ मध्यें झाली. मधल्या सोळा वर्षांच्या खंडाचा अर्थ नीट लक्षांत घ्यावयास पाहिजे. २००० सालीं बारा वर्षांची असलेली, जुन्नर-आंबेगांवच्या शाळेंत नुकताच खो द्यावयास शिकलेली मुलगी २०१६ सालीं अठ्ठावीस वर्षांची झाली. म्हणजे तिच्या पळण्याच्या उमेदीचा सारा काळ आशियाई मैदान न पाहतांच सरला.

येथें दूरच्या एका खेळाचें उदाहरण उपयोगीं पडेल. स्कॉटलंडमध्यें गोठलेल्या तळ्यांवर जड, गुळगुळीत दगड सरकवीत नेऊन आंखलेल्या वर्तुळांत थांबविण्याचा कर्लिंग नांवाचा खेळ शतकानुशतकें चालत आला आहे. त्याचे नियम एकसारखे करण्यासाठीं १८३८ सालीं एडिंबरो येथें क्लब स्थापन झाला. स्कॉच लोक जेथें जेथें वसाहतीस गेले तेथें तेथें हा खेळ गेला. कॅनडांत तर तो घरोघरचा झाला. १९५९ मध्यें स्कॉटलंड व कॅनडा यांच्यामध्यें जागतिक अजिंक्यपदाचा पहिला सामना झाला, तेव्हां जिंकला तो कॅनडा, आणि स्कॉटलंडास तें पद मिळण्यास १९६७ सालाची वाट पाहावी लागली. पुढें १९९१ सालीं जपानांत पॅसिफिक विभागाची कर्लिंग स्पर्धा पुरुष व स्त्रिया या दोहोंच्या संघांसाठीं सुरू झाली. ती जवळजवळ दरवर्षीं भरत गेली, आणि २०२१ मध्यें अल्माटी येथें शेवटची भरल्यावर २०२२ पासून अमेरिका खंडांतील देशांसह अधिक व्यापक अशा स्पर्धेंत विलीन झाली. या तीस वर्षांच्या नियमित पायरीवरून चढतच चीनच्या स्त्रियांनीं २००९ सालीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें, कोरियाच्या स्त्रियांनीं २०१८ च्या ऑलिंपिकांत रौप्यपदक जिंकलें व २०२२ मध्यें तेंच जपानच्या स्त्रियांनीं जिंकलें. त्यांतील एकही देश कर्लिंगचें माहेर नव्हे.

घरचें उदाहरण कबड्डीचें. आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० पासून पुरुषांचें आणि २०१० पासून स्त्रियांचें सुवर्णपदक भारत सतत जिंकीत आला होता. २०१८ मध्यें जाकार्ता येथें इराणनें प्रथम भारताच्या पुरुषांस उपांत्य सामन्यांत व नंतर स्त्रियांस अंतिम सामन्यांत हरविलें. पुष्कळांस तें अपमानाचें वाटलें. परंतु ज्या दिवशीं हुतूतू खेळणाऱ्यांच्या मुलखास परकीयांकडून हार खावी लागली, त्याच दिवशीं हा खेळ निःसंशय आशियाचा झाला. हांग्झो येथें २०२३ मध्यें झालेल्या पुढील स्पर्धेंत भारतानें दोन्ही सुवर्णपदकें परत मिळविलीं, आणि बलवान प्रतिपक्षाकडून परत मिळविलीं म्हणूनच त्यांचें मोल वाढलें.

खो-खोस तो दिवस अद्याप पाहावयाचा आहे. २०१६ व २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत पुरुष व स्त्रिया या दोहोंचीं सुवर्णपदकें भारताकडेच आलीं; तामुलपूर येथेंही दोन्ही विजेतेपदें भारतास मिळालीं. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस भरलेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेंत पुरुषांचे २० व स्त्रियांचे १९ संघ उतरले. मैदान लहान झालें, मातीच्या जागीं मॅट आली, गुण देण्याची पद्धत बदलली. अंतिम सामन्यांत भारताच्या स्त्रियांनीं नेपाळवर ७८-४० असा आणि पुरुषांनींही नेपाळवरच ५४-३६ असा विजय मिळविला. प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळचा संघ असावा ही त्याहून अधिक आशेची गोष्ट मानली पाहिजे.

पुत्राकडून व शिष्याकडून पराजयाची इच्छा धरावी असें आपल्याकडील जुनें शहाणपण सांगतें. तें खो-खोच्या चालकांनीं मनावर घ्यावें. विश्वचषकाचा सोहळा मोठा असला तरी जिन्यास मधल्या पायऱ्या नसतील तर माडीवर किती जण पोंचणार? आशियाई स्पर्धा ठरल्या वर्षीं, ठरल्या क्रमानें, पुरुष व स्त्रिया दोहोंकरितां भरली पाहिजे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका येथें शिक्षक गेले पाहिजेत आणि तेथील संघांना येथें सरावास बोलाविलें पाहिजे. तसें झालें म्हणजे ओतूर किंवा घोडेगांवच्या मैदानावर आज धांवणाऱ्या मुलीस आपल्या उमेदीच्या वर्षांत एकदां तरी तोडीस तोड प्रतिपक्ष भेटेल. त्या सामन्यांत कदाचित् तिचा संघ हरेलही. परंतु परत आल्यावर शाळेंतील धाकट्या मुलींना शिकवावयास तिच्यापाशीं कांहीं नवें असेल.