पहिलीतच राहिलेल्या मुली



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे फॉर्म भरताना एक रकाना आला, शिक्षण किती? आम्ही बारा जणी, डोंबिवलीच्या आजूबाजूच्या गावांतल्या. त्यातल्या चौघींनी जवळजवळ एकच उत्तर दिलं, "पहिली. पण तीन वर्षं." सगळ्या हसलो. मग लक्षात आलं की चौघीही घरातल्या थोरल्या मुली होत्या, आणि हसू थांबलं.

एकाच यत्तेत मुलगी पुन्हा पुन्हा बसली की आपल्याकडे म्हणतात, "हिला डोकंच नाही." आज आपण पाहू, इतिहास काय सांगतो.

१९२९ साली सर फिलिप हार्टोग यांच्या समितीने इंग्रज सरकारला एक अहवाल दिला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत फक्त अठरा उरली होती. बाकीची दोन वाटांनी गेली. काहींनी शाळा सोडली, ती गळती. काही त्याच वर्गात अडकली, ते स्थगन. तेव्हापासून हे दोन शब्द शिक्षणाच्या पुस्तकांत एकत्र येतात. पण स्थगन कसं होतं, ते आपल्या घरात बघितलं की समजतं.

आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात आज इमारती दिसतात, पण आमच्या आयांच्या काळी इथे भाताची खाचरं होती. जूनमध्ये शाळा उघडायची आणि पाठोपाठ लावणी यायची. आई चिखलात, तर धाकट्या भावाला कडेवर घेणार कोण? थोरली मुलगी. दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग झोडणी. ज्यांना शेत नाही ती कातकरी-वारली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. मुलगी शाळेत यायची तोवर गुरुजी जोडाक्षरांवर पोचलेले. एप्रिलच्या परीक्षेत ती नापास, जूनमध्ये पुन्हा पहिली. तिच्या हातून चुकलं काय, तर भाऊ सांभाळला एवढंच.

हे ज्यांनी नीट ओळखलं त्या दोन बाया आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात काम करत होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. अनुताई स्वतः बालविधवा, मागाहून शिकलेल्या. १९४५ साली बोर्डीला दोघींनी काम सुरू केलं आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हा शब्द तिथून आपल्या तोंडी आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिचं नाव विकासवाडी. म्हणजे थोरलीने कडेवरचं पोर आणावं, पाळणाघरात ठेवावं आणि शेजारच्या वर्गात बसावं. पोर सांभाळायची सोय झाली की तीच मुलगी शिकते, हे त्यांनी करून दाखवलं.

पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली-दुसरी मिळून एकच टप्पा धरावा, मध्ये कुणाला नापास करू नये, असं सुचवलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. १९९० नंतरच्या काळात वसईकडे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. शाळा पुन्हा मुलांच्या मागे गेली.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, आणि शाळा सुटलेल्या मुलीला तिच्या वयाच्या वर्गात बसवून मागचं शिकवायचं, असं त्यात म्हटलं होतं. पहिला भाग सगळ्यांनी लक्षात ठेवला, दुसरा पुष्कळ ठिकाणी विसरला गेला. म्हणून पाचवीत पोचलेल्या पण वाचता न येणाऱ्या मुली आपल्याला भेटतात. २०१९ साली कायदा बदलला आणि २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाली तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. पाचवीतली मुलगी दहा-अकरा वर्षांची असते. "आता पुरे, घरात मदत कर," असं म्हणायचं नेमकं हेच वय. म्हणून जागं राहायचं ते आता.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, तिथे बसा आणि बोला. लावणीच्या आणि भट्टीच्या दिवसांत कोणती मुलगी येत नाही, ते हजेरीत बघा. घर भट्टीवर जाणार असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, म्हणजे तिथल्या शाळेत तिला बसता येईल. आणि धाकटं पोर अंगणवाडीत सोडा, थोरलीच्या कडेवर नको.

त्या चौघींपैकी एक आमच्या गटाचा सगळा हिशोब तोंडी सांगते, एक रुपया चुकत नाही. परवा ती म्हणाली, "तीन वर्षं ग-म-भ-न गिरवलं, ते अजून पक्कं आहे. पुढचं कुणी दाखवलंच नाही." तिची नात यंदा पाचवीत आहे. तिचं वाचन आम्ही दर शनिवारी आळीपाळीने घेतो.