लखिना पॅटर्न

लखिना पॅटर्न ही शासकीय कार्यालयाच्या कामकाजाची पुनर्रचना करणारी पद्धत आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (सध्याचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ती आपल्या कार्यालयात राबवली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. पुढे राज्यातील इतर कार्यालयांतही तिचा अवलंब करण्यात आला.

पार्श्वभूमी

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. जमीन महसूल, पुरवठा, टंचाई निवारण अशा अनेक कामांसाठी दूरच्या गावांतील नागरिकांना जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. कागद वेळेवर सापडला नाही, तर त्यांची खेप आणि दिवसाची मजुरी वाया जाते. जिल्हाधिकारी कार्यालयांची कार्यपद्धती मुख्यत्वे ब्रिटिश काळात घडली होती. स्वातंत्र्यानंतर विकासकामांची भर पडली, मात्र टिपणी, नोंदवह्या व बासनांत बांधलेली दप्तरे यांची चाकोरी फारशी बदलली नाही. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण या दप्तरदिरंगाईतूनच रूढ झाली.

स्वरूप

या पद्धतीत अभिलेख कक्षाची साफसफाई व वर्गीकरण, कर्मचाऱ्यांच्या बैठक व्यवस्थेची फेररचना, कार्यपद्धतीचे सुलभीकरण, प्रत्येकाच्या कामाची लेखी माहिती आणि नागरिकांना एकाच ठिकाणी सेवा देणे यांवर भर होता.

अभिलेखांचे वर्गीकरण हा अशा सुधारणेचा पाया असतो. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत कागदपत्रांचे जतन-कालावधीनुसार वर्ग केले जातात: ‘अ’ (कायम), ‘ब’ (३० वर्षे), ‘क’ (१० वर्षे), ‘क-१’ (५ वर्षे) आणि ‘ड’ (१ वर्ष). मुदत संपलेले कागद वेळीच नष्ट केले नाहीत, तर त्यांच्या ढिगाऱ्यात कायम जपायचे कागदही हरवतात.

बदलास होणारा विरोध

कार्यालयीन सुधारणांना होणारा विरोध क्वचितच उघड असतो. ‘आजवर असेच चालत आले आहे’ या उत्तरात तो सहसा दडलेला असतो. त्यामागे केवळ आळस नसतो. कागद नष्ट केल्यावर पुढे चौकशी झाली तर जबाबदारी आपल्यावर येईल, ही भीती खरी असते. कोणता कागद कोठे आहे हे एकाच जुन्या कारकुनाला ठाऊक असेल, तर ती माहिती हेच त्याचे महत्त्व ठरते; नीट लावलेल्या दप्तरामुळे ते कमी होते. शिवाय अधिकाऱ्याची बदली झाली की नवी पद्धत मागे पडेल, असा कर्मचाऱ्यांचा अनुभव असतो. त्यामुळे केवळ परिपत्रक काढून अशी सुधारणा रुजत नाही. लखिना यांच्या प्रयोगात कर्मचाऱ्यांच्या सहभागाला म्हणूनच महत्त्व होते.

नंतरचे प्रयत्न

शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा राज्य अधिनियम कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कार्यालयीन दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे बंधन घालतो. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना दिला. २०१७-१८ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ उपक्रम राबवला. त्यातील सहा गठ्ठे पद्धतीत प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची व नष्ट करायची अशी कागदांची विभागणी होते.

मूल्यमापन

अहमदनगरच्या प्रयोगानंतर तीन दशकांहून अधिक काळाने झालेल्या या उपक्रमाची सुरुवातही साठलेले कागद वेगळे करण्यापासूनच झाली. एकदा लावलेले दप्तर नियमित शिस्तीअभावी पुन्हा विस्कटते, हे त्यातून दिसते. संगणकीकरणामुळे नस्तीचा प्रवास वेगवान झाला, तरी तिच्यावर निर्णय घेण्याची टाळाटाळ संगणक दूर करू शकत नाही. म्हणूनच लखिना पॅटर्नचा मूळ प्रश्न, म्हणजे कार्यालयाची सवय कशी बदलावी, आजही कालबाह्य झालेला नाही.