आधीं दिसणारा उजेड

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत गाढवी नदीवर इटियाडोह नांवाचें धरण आहे. १९७० सालीं तें पुरें झालें व त्याच्या पाण्यावर भोंवतालचीं धानाचीं शेतें भिजूं लागलीं. त्या परिसरांतील शाळांत माझ्या नोकरीचीं बहुतेक वर्षें गेलीं. आमच्या घरांत भिंतीवर माझ्या आईची एक तसबीर आहे. ती १९९४ सालीं, म्हणजे आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असतांना, जवळच्या एका गांवच्या स्टुडिओंत काढलेली. आईनें उभ्या जन्मांत तेवढा एकच फोटो काढवून घेतला. त्यांत तिचा उजवा गाल लखलखीत आहे; डावा डोळा मात्र काळोखांत इतका बुडाला आहे कीं, तो उघडा होता कीं मिटलेला, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

त्या दिवशीं मी तेथें उभा होतों. आईच्या दोन्ही बाजूंस छत्र्या लावलेले दोन दिवे होते. त्यांच्या पिवळसर उजेडांत तिचा चेहरा दोन्हीकडून सारखा व शांत दिसत होता. मग फ्लॅश उडाला. आणि डोळ्यांना जें दिसलें होतें तें कागदावर उतरलें नाहीं. असें कां व्हावें, हा प्रश्न पुष्कळ वर्षें माझ्या मनांत घोळत होता. सेवानिवृत्तीनंतर, छायाचित्रणाचा धंदा करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तो उलगडून दाखविला. त्या उत्तरामागें मोठा इतिहास आहे. तोच आज आपणांपुढें थोडक्यांत ठेवावयाचा आहे.

दागेर याची छायाचित्रणाची कृति १८३९ सालीं पॅरिस येथें जाहीर झाली. पुढील पंधरा वर्षांत ही विद्या आपल्याकडे इतकी रुजली कीं, १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढें मुंबईंतील आरंभींच्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे सूर्याच्या मर्जीवर चालणारी खोली. छप्पर किंवा एक भिंत कांचेची असे व तिच्यावर पडदे लावलेले असत. पडदे ओढून वा सारून छायाचित्रकार चेहऱ्यावरील उजेड कमी-अधिक करी. कांचेवरील ओलें रसायन मंद असल्यामुळें बसणारास कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे, आणि मान हलूं नये म्हणून पाठीमागें लोखंडी आधार ठेवीत. ही शिक्षाच होती. परंतु त्या पद्धतींत एक मोठा गुण होता. जो उजेड चित्र काढणार, तोच उजेड छायाचित्रकारास आधीं दिसत असे. नाकाची सावली ओठावर येते कीं काय, डोळ्यांच्या खांचा भरल्या कीं नाहीं, हें तो स्वस्थपणें पाहूं शके. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोध्रा येथें छायाचित्रणाचा व्यवसाय केला, तोहि याच सूर्यप्रकाशाच्या युगांत.

सपाट कागदावरील चेहऱ्यास उठाव येतो तो उजेड-सावलीच्या मेळानेंच. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें दिवा हातीं घेतलेल्या स्त्रीचें जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत आहे. एका ज्योतीनें चेहऱ्याची घडण कशी उलगडते, हें समजण्यास त्याहून चांगला धडा नाहीं. या उठाव देण्याच्या क्रियेसच इंग्रजींत मॉडेलिंग म्हणतात. चित्रकारास ती ज्योत हवी तितका वेळ न्याहाळतां येते. छायाचित्रकाराची ही सोय मात्र पुढें हिरावली गेली.

१८८७ सालीं जर्मनींत मीथे व गेडिके यांनीं मॅग्नेशियमची भुकटी व पोटॅशियम क्लोरेट यांचें मिश्रण पेटवून क्षणभर प्रखर प्रकाश पाडण्याची युक्ति काढली. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या वस्त्यांतील गरिबांचीं घरें जेकब रीस यानें याच भुकटीच्या साहाय्यानें जगास दाखविलीं. तीं दाखवितांना ठिणग्यांनीं आगी लागल्या, त्या वेगळ्याच. पुढें १९२९-३० च्या सुमारास बंद कांचगोळ्यांतील फ्लॅश आला आणि धूर गेला. १९३१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत हॅरोल्ड एजर्टन यांनीं वायु भरलेल्या नळींत वीज एकदम सोडून सेकंदाच्या सूक्ष्म अंशापुरता लखलखाट वारंवार उत्पन्न केला. आजचा स्टुडिओ-फ्लॅश त्याच वंशांतला होय. आतां मेघ येवोत, रात्र होवो, उजेड हुकमी झाला. पण तो पाहणें अशक्य झालें. सावली कोठें पडली हें डोळ्यांस उमगण्यापूर्वींच ती नाहींशी होई.

ही उणीव भरून काढण्यासाठीं फ्लॅशच्या नळीलगत एक साधा, सतत जळणारा दिवा बसविण्यांत येऊं लागला. तोच मॉडेलिंग लॅम्प. फोटो सामान्यतः त्याच्या उजेडानें निघत नाहीं. फ्लॅश उडेल तेव्हां उजेड कोठून येईल व सावली कोठें जाईल, एवढें तो आधीं सांगतो. जुन्या कांचेच्या छपरानें जें फुकट दिलें होतें, तें या दिव्यानें छायाचित्रकारास परत दिलें.

मात्र या दिव्याची जुळणी नीट नसेल तर तो असत्यहि सांगतो. त्याच्या खटक्याच्या बहुधा तीन अवस्था असतात: पूर्ण तेजावर, फ्लॅशच्या प्रमाणांत, आणि बंद. फ्लॅशची शक्ति निम्म्यावर आणली असतां प्रमाणशीर अवस्थेंत दिवाहि त्या मानानें मंदावतो. पूर्ण अवस्थेंत तो तसाच जळत राहतो. माझ्या विद्यार्थ्यानें त्याच्या स्टुडिओंत दोन फ्लॅश मांडले. एक पूर्ण शक्तीवर ठेवला, दुसरा अष्टमांशावर, आणि दोन्ही दिवे पूर्ण तेजावर. माझ्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनीं सारखा उजेड दिसत होता. मग त्यानें फोटो काढून दाखविला. माझा डावा डोळा आईच्या डोळ्यासारखाच काळोखांत गेला होता! "गुरुजी, दिव्यानें दिशा बरोबर सांगितली, प्रमाण मात्र चुकीचें सांगितलें," असें तो म्हणाला. नंतर दोन्ही दिवे प्रमाणशीर अवस्थेंत आणतांच ती काळी बाजू फोटो काढण्यापूर्वींच मला आरशांत दिसली.

त्यानें आणखी कांहीं गोष्टी सांगितल्या. दोन निरनिराळ्या बनावटींचे फ्लॅश जोडीस लावले, तर त्यांच्या दिव्यांच्या तुलनेवर विश्वासूं नये. खोलींतील इतर दिवे मालवावे, नाहींतर सूचक सावली पुसट होते. जुन्या हॅलोजन दिव्याचा प्रकाश सुमारें ३२०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर, तर फ्लॅशचा सुमारें ५५०० केल्विनचा असतो. म्हणून कॅमेऱ्याची झांप फार वेळ उघडी ठेवल्यास चेहऱ्यावर पिवळी झांक येते. हॅलोजन दिवा फार तापतो, त्याजवळ कापड ठेवूं नये. अलीकडील एलईडी दिव्यांनीं हा धोका पुष्कळ कमी केला आहे.

आतां कोणी म्हणेल, आजच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र तत्क्षणीं दिसतें. मग या दिव्याचें काय काम? शंका वाजवी आहे. परंतु पडदा दाखवितो तें घडून गेलेलें. प्रत्येक बसणारा मनुष्य दहादां बसत नाहीं. शेतावरून आलेली, स्वच्छ लुगडें नेसलेली, अवघडून बसलेली म्हातारी पहिल्या लखलखाटापूर्वीं ज्या कुतूहलानें समोर पाहते, तें पाहणें दुसऱ्या वेळीं तसेंच राहील याची हमी कोण देणार?

त्या गांवच्या छायाचित्रकारास मी दोष देत नाहीं. आधींच्या गिऱ्हाइकासाठीं उतरविलेला एक खटका वर करावयाचा राहिला असेल. पण तेवढ्या एका खटक्यामुळें माझ्या नातवंडांस त्यांच्या पणजीचा अर्धाच चेहरा ठाऊक आहे. आपल्या घरांतील वडील माणसांस आपण स्टुडिओंत न्याल, तेव्हां दोन्ही दिवे फ्लॅशच्या प्रमाणांत लावले आहेत ना, एवढें छायाचित्रकारास आदरपूर्वक अवश्य विचारा.