निकाल वाचलास का?

माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर सक्तीचा केला.’ ते मी एका प्रबंधातून उचललं होतं. त्या प्रबंधाने बहुधा आणखी कुठून तरी. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “निकाल वाचलास का?”

वाचला नव्हता. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा विषय शोधताय, त्यांच्यासाठी आजची पोस्ट त्या रेघेबद्दल आहे.

या विषयावरच्या प्रबंधांचं पहिलं प्रकरण साधारण ठरलेलं असतं. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, मग ऑक्टोबर १९७७ ची तिबिलिसी परिषद, मग भारत. काहीजण १९३७ च्या वर्धा परिषदेपर्यंत, म्हणजे गांधीजींच्या नई तालीमपर्यंत मागे जातात. मलाही तो मोह झाला होता. पण नई तालीमचा गाभा हस्तोद्योग आणि स्वावलंबन हा होता. मुलं परिसरातून शिकत होती हे खरं, पण आजचा शब्द त्या काळाला चिकटवला की तेव्हाचे लोक स्वतः काय म्हणत होते, ते ऐकूच येत नाही. सुरुवातीचं साल कोणतं धरायचं हाच मुळात एक युक्तिवाद असतो, तेव्हा ते साल का निवडलं हे लिहायची तयारी ठेवा.

आता निकालाकडे. ‘एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार’ या नावाचे खटले इतके आहेत (गंगा, ताजमहाल, दिल्लीतली वायुगळती) की नावाने शोधलंत तर हरवाल. आपल्याला हवा तो निकाल २२ नोव्हेंबर १९९१ चा. सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या खंडपीठाने तो दिला आणि दोनच दिवसांनी ते निवृत्त झाले.

निकाल छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. पण त्यातल्या क्रियापदांवर बोट ठेवून वाचा. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड फुकट दाखवायच्या, नाही दाखवल्या तर परवाना रद्द होऊ शकतो. राज्य सरकारांनी आणि शिक्षण मंडळांनी शाळांमध्ये हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा करायचा. आणि महाविद्यालयांचं काय? तिथे यूजीसीने विद्यापीठांना अभ्यासक्रम लावायला सांगायचं आणि तो सक्तीचा करता येईल का, याचा *विचार* करायचा!

म्हणजे शिक्षेची तरतूद थिएटरवाल्यांसाठी, सक्ती शाळांसाठी आणि विचार महाविद्यालयांसाठी. माझं ‘सर्व स्तरांवर’ तिथेच कोसळलं. पुढची बारा वर्षं काय झालं असेल, याचा अंदाजही मला त्या एका क्रियापदातून आला. मेहता पुन्हा न्यायालयात गेले आणि १८ डिसेंबर २००३ च्या आदेशानंतर चक्रं हलली. पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. तो बनवणाऱ्या समितीचे आणि त्याच्या पाठ्यपुस्तकाचे मुख्य नाव पुण्याचे डॉ. एरच भरुचा. आपण ज्याला नुसतं ‘ईव्हीएस’ म्हणतो, तो हाच.

मला त्या अभ्यासक्रमात सर्वांत रस आहे तो आठव्या घटकात. एकूण पन्नास तासिका, त्यातल्या पाच क्षेत्रभेटीच्या. शंभरपैकी पंचवीस गुण त्यालाच. जवळची नदी, टेकडी किंवा गवताळ माळ बघायचा, एखादी प्रदूषित जागा बघायची, नेहमीची झाडं, कीटक, पक्षी ओळखायचे. तिबिलिसीच्या जाहीरनाम्यात जाणीव आणि ज्ञानाबरोबर कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग मागितला होता. तो या अभ्यासक्रमात कुठे उतरला असेल तर या पाच तासिकांमध्ये.

आणि नेमकं त्यांचंच काय झालं हे कागदावर सापडत नाही. शासन निर्णय मिळतो, परिपत्रक मिळतं, पुस्तकाच्या आवृत्त्या मिळतात. काय *नेमलं* होतं ते सगळं जपलेलं असतं. वर्गात काय *झालं*, ते मुलांच्या प्रोजेक्टच्या वह्यांत असतं आणि त्या वह्या दोन-चार वर्षांत रद्दीत जातात. मी आतापर्यंत फिरले तिथे एकाही ग्रंथालयात अशी वही मिळाली नाही. शिपाईकाकांनी एकदा हसून सांगितलं, “ताई, ती तर आम्ही किलोवर घालतो.”

म्हणून आता मी निवृत्त प्राध्यापकांना भेटते. कोणी मुलांना खरंच ओढ्यावर नेलं होतं, कोणी फळ्यावर ओढा काढला होता. दोघांच्याही मुलांना गुण साधारण सारखेच पडले असणार, आणि गुणपत्रिका बघून दोन वर्गांतला फरक कुणालाच कळणार नाही.

एक वही मात्र माझ्याकडे आहे. माझीच, पदवीच्या दुसऱ्या वर्षाची. विषय ‘नदीचे प्रदूषण: एक क्षेत्रभेट’. पंचवीसपैकी बावीस. नदी महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीला लागूनच होती. मी तिथे गेले नव्हते, सीनियर ताईची वही झेरॉक्स करून उतरवली होती. ही वही साधन म्हणून प्रबंधात घ्यायची का, आणि घेतली तर कोणत्या प्रकरणात, हे पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांना विचारणार आहे.