राखुंडी, दातवण आणि मशेरीचा डबा

दात घासण्याचा इतिहास म्हटला की ब्रश आणि पेस्ट यांचीच गोष्ट सांगितली जाते. १७८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम अ‍ॅडिसने हाडाच्या दांड्यात जनावराचे केस बसवून ब्रश विकायला काढला, १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनचे केस आले, संपली गोष्ट. पण आपल्याकडची कितीतरी माणसे गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बोटानेच दात घाशीत होती. ते बोट कशात बुडत होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

काडीची परंपरा जुनी. सुश्रुतसंहितेत तिचे माप दिले आहे : बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड. कडूत कडुनिंब, तुरटात खैर, तिखटात करंज, गोडात मोह असे पर्यायही आहेत. खेड्यात टिकली ती बाभूळ आणि कडुनिंब, कारण ती बांधावर फुकट मिळत. घराघरात राखुंडी होती. गोवरी जाळून केलेली राख, त्यात मीठ, कुठे कोळशाची पूड. दात लख्ख होत हे खरे, पण भरड पूड रोज घासली की दाताचे वरचे कवच झिजते, हेही खरे. जुन्याचे कौतुक करताना आपण हे सोयीने विसरतो!

बायकांची रीत थोडी निराळी होती. सवाष्णीने दातवण लावून दात काळे करायचे, हे एके काळी लेणे समजले जाई. ही रीत गेली. मशेरी मात्र राहिली.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ती कुटायची, डब्यात भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. काही भागांत तिला मिश्री म्हणतात. सुरुवात बहुधा दाढदुखीने होते. शेजारीण सांगते, 'जरा मशेरी लाव, ठणका राहील.' पुढे दाढ राहते बाजूला आणि सकाळी एकदा लागणारी मशेरी दुपारी, रात्री, कामाच्या मधल्या सुटीतही लागू लागते. माझ्या आजोळच्या ओसरीवर दुपारी बायका बसत, तेव्हा डबा हातोहात फिरे. तोंडात विडी धरणारी बाई गावाला खपली नसती, पण डब्याकडे कुणी बघतही नसे. दात घासणे हे काही व्यसन नव्हे ना! मशेरीला हा आडोसा मिळाला, आणि माझ्या मते तिचे सगळे बळ त्यातच आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. १९७२ साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी दिसणारे पांढरे चट्टे यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा कामांतून स्पष्ट होत गेला. गरोदरपणात तंबाखू घेणाऱ्या आईचे बाळ कमी वजनाचे जन्मू शकते, हेही पुढे दिसून आले. म्हणजे प्रश्न केवळ दातांचा राहिला नाही.

सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कारखान्यातल्या डब्यावर कायदा चालतो. चुलीवरच्या तव्यावर कसा चालणार?

म्हणून बाईला विचारायचे कसे, यालाही महत्त्व आहे. 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर 'छे, छे, कधीच नाही' असे उत्तर येते, आणि तिच्या दृष्टीने ते खोटे नसते. 'दात कशाने घासता, आणि दिवसातून किती वेळा?' असे विचारले की ती क्षणभर थांबते, पदर सावरते आणि मनातल्या मनात मोजू लागते.